अप्पांचा टॉवर

घरात मला सगळे चोंबडी म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं. शेजारणीकडं आलेला पाहुणा कुठल्या गावचा, एसटीत पुढच्या बाकावरची दोघं एकमेकांशी का बोलत नाहीत, बंद पाकिटात काय असेल, हे कळल्याशिवाय मला चैन पडत नसे. हेतू वाईट कधीच नव्हता. पण चोंबड्या माणसाला वाईट हेतूची गरजच पडत नाही, त्याचं काम त्याशिवाय भागतं.

आमचं दुकान कोल्हापुरात, शेतीच्या पाइपांचं आणि पाण्याच्या मोटारींचं. खाली दुकान, वर घर. आम्ही लिंगायत, मूळचे सीमेकडचे, त्यामुळं घरात नाती कानडीतली होती. वडील अप्पा, आई अव्वा, आणि वडिलांचे थोरले भाऊ दोड्डप्पा. दुकान आणि घर, दोन्ही दोड्डप्पांच्या शब्दावर चालायचं. अप्पांनी त्यांच्यापुढं मान वर करून बोललेलं मी कधी पाहिलं नाही. आदर किती आणि सवय किती हे मला अजूनही नीट सांगता येणार नाही.

अक्का, म्हणजे माझी बहीण, माझ्याहून सात वर्षांनी मोठी. मी शाळेत असताना, नव्वदच्या दशकात, तिनं कॉलेजातल्या एका मुलाशी रजिस्टर लग्न केलं. तो कागलकडचा, बौद्ध समाजातला. मुलगा कसा आहे, काय शिकलाय, काय करणार, हे आमच्याकडं कुणी विचारलंच नाही. जात ऐकली आणि चौकशी संपली. माणसामाणसांत भेद करू नका असं सांगणारी वचनं ज्या घरात रोज सकाळी पूजेला बसून म्हटली जात, त्याच घरात दोड्डप्पांनी भर दुपारी अक्काच्या नावानं आंघोळ केली. ह्या उंबऱ्याच्या आतलं कुणी तिच्याकडं जाणार नाही आणि तिच्याशी बोलणार नाही, असं सगळ्यांसमोर सांगितलं. अप्पांनी मान डोलावली. अव्वा स्वयंपाकघरात निघून गेली. नवराबायको कुठं राहायला गेली तेही आम्हाला कळलं नाही.

पुढं सहाएक महिन्यांनी मुके फोन यायला लागले. दुकानातल्या फोनची एक जोडणी वर घरात होती. दुपारी दोनच्या सुमाराला, दोड्डप्पा जेवून आडवे झाले की घंटी वाजायची. अव्वा उचलायची आणि पलीकडून कुणी बोलायचं नाही. पहिल्या दोन वेळा तिनं 'कोण?' विचारलं. नंतर विचारणं सोडून दिलं आणि आपणच बोलायला लागली. हळू आवाजात, भिंतीकडं तोंड करून. "आज शेपूची भाजी केलीया. धाकटीला ताप आलता, उतरला काल." अशी चार-पाच वाक्यं झाली की ठेवून द्यायची. तिच्याशी बोलायचं नाही असा हुकूम होता. पण पलीकडं कोण आहे हेच माहीत नसेल तर हुकूम मोडत नाही, असा अव्वाचा कायदा असावा. त्या पाच मिनिटांनंतर दिवसभर तिचा चेहरा मोकळा असायचा.

शहाण्या मुलीनं ते तसंच चालू दिलं असतं. मला मात्र फोन कुठून येतो ते हवं होतं. त्या काळात नंबर दाखवणारा एक डबा मिळायला लागला होता, फोनला जोडायचा. धंद्याला बरा, गिऱ्हाइकाचा नंबर राहतो, असं मी दोड्डप्पांच्या इतकं कानीकपाळी ओरडले की शेवटी त्यांनी तो आणला. आठवड्याभरात दुपारी दोनला घंटी वाजली. नेमके त्या दिवशी दोड्डप्पा अजून पाटावर जेवत होते. मी धावत गेले आणि डब्यावरचा नंबर मोठ्यानं वाचला. कुणीतरी बक्षीस देणार असल्यासारखा.

दोड्डप्पांनी हात धुतले आणि तोच नंबर लावला. पलीकडं शाहूवाडीच्या एसटी स्टँडवरचा पीसीओ होता. आत्ता इथून कुणी फोन केला, असं दोड्डप्पांनी त्यांच्या नेहमीच्या आवाजात विचारलं. त्या माणसाचं उत्तर रिसिव्हरबाहेरही ऐकू आलं. "दिवसातनं शंभर माणसं येत्यात, पावणं. कुणाकुणाचं सांगू?" आणि त्यानं फोन ठेवला.

त्यानंतर मुका फोन आला नाही. अव्वा मात्र दुपारी दोन वाजले की गहू निवडायला फोनजवळ बसायची. मला तेव्हा वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर त्या वाईट वाटण्यात थोडा अभिमानही होता. अक्का शाहूवाडीला आहे हे मी शोधून काढलं होतं. पुढं उडत उडत कळलं की जावई तिकडच्याच एका शाळेत मास्तर आहेत.

जित्याची खोड म्हणतात तसं झालं. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि मोबाइल कंपन्या नव्या नव्या आल्या तेव्हा त्यांतल्याच एकीच्या कोल्हापूरच्या ऑफिसात मला नोकरी लागली. काम आतल्या मशिनरूममध्ये. थंडगार खोली, भिंतीला लागून कपाटं, आणि पडद्यावर सगळ्या जिल्ह्याचे टॉवर. चोंबड्या माणसाला स्वर्ग दाखवावा तशी ती खोली होती.

त्या वेळच्या फोनमध्ये एक गंमत होती, ती आता लोक विसरले. पडद्यावर, वेळेच्या खाली, तुम्ही ज्या भागात असाल त्या भागाचं नाव उमटायचं. टॉवर बदलला की नाव बदलायचं. ती नावं कुणीतरी भरावी लागत, आणि आमच्या भागातली बरीचशी मी भरली. कागल, शिरोळ, शाहूवाडी, शहरातल्या पेठा. एकदा एक गृहस्थ काउंटरवर येऊन तावातावानं भांडले. बायको माहेरी आहे म्हणते, पण फोनवर कुठलं नाव दिसतंय विचारलं तर नदीपलीकडच्या दुसऱ्याच गावाचं सांगते. मला बोलावून समजावून सांगायला लावलं. टॉवर म्हणजे घर नव्हे. तो चार-पाच मैलांचा पट्टा धरतो, आणि ओढ्याकाठचं माहेर पलीकडच्या टेकडीवरच्या टॉवरला लागू शकतं. त्यांना ते पटलं नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण संशयी मनातही चांगलंच लख्ख असतं हे मला त्या दिवशी कळलं.

आमच्या साहेबांचा नियम कडक होता. हरवलेल्या माणसाचा फोन शेवटी कुठं होता ते बघायचं, तर पोलिसांचं पत्र हवं. पत्राशिवाय स्वतःच्या बायकोचाही नंबर टाकायचा नाही. पत्रं यायची. परीक्षेत नापास झालेली मुलं, विसराळू झालेले म्हातारे. आम्ही टॉवरचं नाव लिहून द्यायचो आणि पुढं काय झालं ते आम्हाला कुणी येऊन सांगायचं नाही. ते न कळण्याचा मला फार त्रास व्हायचा.

अप्पांना पहिला मोबाइल मीच घेऊन दिला. ते शेतकऱ्यांकडं पाइपलाइनची मापं घ्यायला जायचे, तेव्हा दुकानातून बोलता येईल म्हणून. पडद्यावरच्या नावाचं त्यांना भारी कौतुक. एसटीत बसले की फोन हातात धरून नावं वाचत जायचे. एकदा चहा पिता पिता त्यांनी सहज विचारलं, "हे नाव दुसऱ्या कुणाला बी दिसतं काय?" मी म्हटलं, नाही, फक्त तुमच्या फोनवर. त्यात खोटं काही नव्हतं. पण आमच्या मशिनला सगळं दिसतं, हे मी सांगितलं नाही. का नाही सांगितलं? विचारलं तेवढ्याचंच उत्तर दिलं, असं मी स्वतःला पुष्कळदा समजावलंय.

मग तो पुराचा जुलै आला. पंचगंगा आठवडाभर चढत होती, तरी शनिवारी सकाळी अप्पा निघाले. शिरोळला माप घ्यायचंय, संध्याकाळपर्यंत येतो म्हणाले. दुपारनंतर पाणी इतक्या वेगानं वाढलं की हायवे बंद झाला, आणि शिरोळच्या बाजूची गावं एकेक करून पाण्यात जायला लागली. अप्पा आले नाहीत. मोबाइल लागेना, आणि दुकानातली लाइनही शनिवारपासून बंद होती. रविवारी सकाळी रेडिओवर शिरोळ तालुक्यातली माणसं छपरांवर बसल्याचं सांगत होते. दोड्डप्पा दुकानाचं शटर अर्धं उघडून पायरीवर बसून होते आणि येईल त्याला विचारत होते, शिरोळकडनं कोण आलंय का. अव्वानं चूल पेटवली नव्हती.

मला ड्यूटीवर जावंच लागलं. ऑफिसबाहेर माणसांची रांग होती, कुणाच्या हातात पोलिसांचं पत्र, कुणाच्या हातात नुसता चिठोरीवर लिहिलेला नंबर. साहेब बाहेर त्यांना तोंड देत होते. मी मशिनसमोर बसले, पत्र नसताना, आणि अप्पांचा नंबर टाकला.

पडद्यावर शिरोळ यायला हवं होतं. आलं शाहूवाडी. शनिवारी सकाळी साडेदहापासून फोन त्या टॉवरवर होता, आणि दुपारी वीज जाऊन टॉवरच बंद पडेपर्यंत तिथंच होता. शिरोळ जिल्ह्याच्या पूर्वेच्या टोकाला, शाहूवाडी पश्चिमेला डोंगरात. अप्पा पुराच्या जवळपासही नव्हते. मी तोंडावर हात दाबून रडले. अप्पा जिवंत आहेत आणि अक्काकडं आहेत, ह्यातल्या कशाचं रडू जास्त होतं ते मला सांगता येणार नाही. दोन्हीचं होतं.

इथं उठायला हवं होतं. जे कळायला हवं होतं ते कळलं होतं. पण माझा हात थांबला नाही. दुकानातून अप्पांना आलेले फोन आणि त्या त्या वेळी त्यांचा फोन कुठल्या टॉवरवर होता, याच्या नोंदी आमच्याकडं असत. मी मागचे महिने उघडले. एक शनिवार सोडून एक, शाहूवाडी. शनिवारी सकाळची शाळा असते, मास्तर दुपारी घरी असतात. मार्चमध्ये, जानेवारीत, दिवाळीच्या सुट्टीत तर सलग दोन दिवस. ज्या दिवशी अप्पांनी कागलचं माप म्हणून सांगितलं होतं त्या दिवशीही शाहूवाडी. मी फोन घेऊन दिला त्या महिन्यापर्यंत मागं गेले आणि मगच थांबले. त्याआधीचं मशिनलाही माहीत नव्हतं, म्हणून.

घरी पोचले तर दारात ट्रॅक्टर उभा. दोड्डप्पांचा मुलगा, ज्याला आम्ही अण्णा म्हणायचो, आणि गल्लीतले तिघं शिरोळला निघाले होते. ट्रॉलीत दोरखंड आणि हवा भरलेल्या चार ट्यूबा. रस्त्यावर कमरेएवढं पाणी आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तरी त्यांच्यातला एकही मागं सरणारा नव्हता. आमच्या गावाला हे फार शोभतं आणि ह्यातच माणसं जातात. मी गप्प बसले तर चार माणसं पाण्यात जाणार होती. आणि बोलले तर इतकी वर्षं अप्पांनी भावापासून जे लपवलं, ते भर गल्लीत उघडं पडणार होतं.

मी दोड्डप्पांना सांगितलं की मशिनवर बघितलंय, अप्पा शिरोळला नाहीत, सुखरूप जागी आहेत.

"मग कुठं हाय?" दोड्डप्पांनी विचारलं.

मी म्हटलं, सांगता येत नाही, कंपनीचा नियम आहे.

तासाभरापूर्वी जो नियम मी मोडला होता, त्याच्याच मागं मी लपले. दोड्डप्पा उठून उभे राहिले. त्यांचा रागही रास्त होता. माझा भाऊ, त्याची तू पोरगी, आणि मधी कंपनी कुठनं आली, असं ते म्हणत राहिले. गल्लीतली माणसंही माझ्याकडं विचित्र बघायला लागली. नियमाबियमाचं कौतुक आमच्याकडं बेतानंच असतं, आणि पुरात तर नसतंच. मी मान खाली घालून तेच परत परत सांगत होते. शेवटी दोड्डप्पा जवळ आले.

"गळ्यातल्या लिंगावर हात ठिव. माझा भाऊ पाण्यात न्हाय म्हण."

मी गळ्यातलं लिंग मुठीत धरलं आणि म्हटलं. दोड्डप्पा माझ्या मुठीकडं बघत राहिले. मग त्यांनी अण्णाला हात केला आणि ट्रॅक्टर बंद झाला. ते परत पायरीवर बसले आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. माझ्या बहिणीच्या नावानं आंघोळ करणारा हा माणूस भावासाठी रडत होता, आणि मला त्याचा रागही येत होता आणि कीवही.

अव्वाला मात्र सांगणं भाग होतं. ती स्वयंपाकघरात, न पेटवलेल्या चुलीपुढं. मी तिच्या कानाशी जाऊन सांगितलं, अप्पा शाहूवाडीला आहेत. तिनं डोळे मिटले. काही वेळानं ती उठली, चूल पेटवली, परातीत पीठ घेतलं. मला वाटलं, झालं, तिचा जीव भांड्यात पडला. पहिली भाकरी तव्यावर टाकून तिनं माझ्याकडं न बघता विचारलं, "किती दिस झालं जात्यात?"

मला माहीत नाही म्हणता आलं असतं. पुरात कासावीस होऊन पहिल्यांदाच गेले असतील, असं म्हणता आलं असतं, आणि तिनं ते मानलंही असतं. पण मला माहीत होतं. माहीत असलं की माझ्या तोंडात राहत नाही. एक शनिवार सोडून एक, मी फोन दिला तेव्हापासून, असं मी सांगितलं.

भाकरी करपली. अव्वानं ती उलटली नाही. नऊ वर्षं तिनं एक हुकूम पाळला होता. लेकीला बाळ झालं हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं, बारशाला गेली नाही, मुका फोन गेला तर तोही सोसला. आणि ज्यानं हुकमाला मान डोलावली तो तिच्यासमोर जेवून, डबा घेऊन लेकीकडं जात होता आणि येऊन तिला कागलच्या विहिरीच्या गोष्टी सांगत होता. अप्पा कुठं आहेत एवढंच मी शोधलं असतं, तर तिला त्या दिवशी नवरा परत मिळाला असता. मी जास्तीचं शोधलं, आणि ते तिच्या पदरात टाकलं.

अप्पा बुधवारी आले, पाणी उतरल्यावर, कुणाच्या तरी दुधाच्या टेम्पोतून. दाढी वाढलेली. दोड्डप्पांनी त्यांना उराशी धरलं. शिरोळकडंच एका मळ्यात उंचावर अडकलो होतो, असं अप्पांनी सांगितलं आणि दोड्डप्पांनी मान हलवली. त्यांनी खोलात विचारलं नाही. मी मात्र दाराशी ठेवलेल्या अप्पांच्या चपलांकडं बघत होते. त्यांना डोंगराकडची तांबडी माती लागली होती. शिरोळची माती काळी, हे आमच्या दुकानात काम करणाऱ्या कुणालाही कळतं. तेवढ्यात अव्वा आली, चपला उचलल्या, मोरीत नेऊन घासून धुतल्या आणि परत जागेवर ठेवल्या. अप्पांशी एक शब्द बोलली नाही.

त्या रात्रीच्या जेवणात दोड्डप्पांनी मोठ्यानं सांगितलं, "तुझी पोरगी लई कायद्याची झाल्या. तू कुठं हायस ते तिला ठावं, पर सांगंना." अप्पांचा घास हातातच राहिला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. राग नव्हता त्या बघण्यात. त्यांनी मला एकदा चहा पिता पिता काय विचारलं होतं आणि मी काय उत्तर दिलं होतं, ते आम्हा दोघांनाही त्याच क्षणी आठवलं. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

अव्वा अप्पांना वाढत होती, कपडे धूत होती, पण बोलत नव्हती. चार-पाच शनिवार अप्पा कुठं गेले नाहीत. मग एका शनिवारी पिशवी घेऊन निघाले तेव्हा खिशातला फोन काढून त्यांनी फळीवर, रेडिओशेजारी ठेवला. मी विचारलं नसताना चार्जिंग नाही म्हणाले. फोन चांगला भरलेला होता. दर खेपेला तो तिथंच पडलेला असायचा, पालथा. म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसाला डोंगरातल्या रस्त्यावर काही झालं असतं तर आता कुणाला कळलंही नसतं, आणि ते माझ्यामुळं. मी हे त्यांना सांगायला हवं होतं. माफी मागायला हवी होती. माझ्यानं झालं नाही.

दिवाळी झाली. एका शनिवारी अप्पा गेल्यावर तासाभरानं अव्वा नवं लुगडं नेसून बाहेर आली. हातात फराळाचा डबा. मला चल म्हणाली. कुठं ते विचारायची गरज नव्हती, चोंबडीलाही. दारातून निघताना तिनं माझ्या पर्सकडं बोट केलं.

"तुझा बी ठिव तितं."

मी माझा फोन अप्पांच्या फोनशेजारी ठेवला.

शाहूवाडीला उतरल्यावर माझी अडचण झाली. जिल्ह्यातले सगळे टॉवर पाठ असणाऱ्या मला बहिणीचं घर माहीत नव्हतं. स्टँडवरचा पीसीओ अजून होता. काचेच्या खोक्याला आता रिचार्ज कार्डांच्या माळा लटकत होत्या, आणि आत चष्मेवाला एक म्हातारा बसला होता. अव्वानं शाळेतल्या गुरुजींचं घर विचारलं. त्यांची बायको कोल्हापूरची, आमच्याकडची आहे म्हणाली. म्हाताऱ्यानं तुम्ही त्यांच्या कोण, असं विचारलं. अव्वा क्षणभर अडखळली. नऊ वर्षांत तो शब्द तिनं कुणासमोर उच्चारला नव्हता. मग म्हणाली, "आई."

त्यानं तिला नीट निरखून बघितलं. "बसा हितं. त्यास्नी इचारून येतो."

मी म्हटलं, नुसतं घर दाखवा, आम्ही जाऊ. त्यानं मान हलवली. "न्हाय, पावणं. इचारल्याबिगर मी कुणाचं घर दावत न्हाय."

शटर अर्धं ओढून तो चालत गेला. हाच तो माणूस, ज्यानं दोड्डप्पांना शंभर माणसं येत्यात म्हणून सांगितलं होतं, हे मला आवाजावरूनच कळलं. दुपारी फोन लावून न बोलता उभी राहणारी बाई कोण, हे त्याला तेव्हाही पक्कं ठाऊक असणार. आम्ही बाकड्यावर बसलो. समोरच्या टेकडीवर आमच्या कंपनीचा टॉवर दिसत होता, ज्याचं नाव मी स्वतः भरलं होतं. इतक्या वर्षांत मी कितीतरी नंबर शोधले, पत्र असताना आणि एकदा नसताना. ज्याचा नंबर आहे त्याला आधी विचारावं, हे मला एकदाही सुचलं नव्हतं.

म्हातारा परत आला तेव्हा अक्का त्याच्या मागून नाही, पुढून येत होती. हात पिठाचे, पायांत चपला नाहीत. ती अव्वाच्या पाया पडायला वाकली तर अव्वानं तिला मधेच दंडाला धरून उभं केलं आणि सोडलंच नाही. दोघी तशाच, एकमेकींना धरून चालत घरापर्यंत गेल्या. मी डबा घेऊन मागून.

अप्पा सोप्यात बाजल्यावर बसले होते, अंगात नुसता गंजीफ्रॉक, मांडीवर नात. अव्वाला दारात बघून त्यांनी नातीला खाली ठेवलं आणि उभे राहिले. त्यांचा हात छातीशी गेला, फोनच्या खिशापाशी, पण तिथं शर्टच नव्हता. जावई पुस्तक मिटून आत पाणी आणायला गेले. अव्वा दारात उभी राहून, तीन महिन्यांत पहिल्यांदा, नवऱ्याशी बोलली.

"उतरलं व्हय शिरोळचं पाणी?"

अप्पा खाली बसले आणि रडले, आणि नात त्यांच्याकडं नवलानं बघत राहिली.

आम्ही तिघं संध्याकाळच्या गाडीनं परतलो. स्टँडच्या नळावर थांबून अप्पांनी, रोजची सवय असल्यासारख्या, आपल्या चपला धुतल्या आणि अव्वासाठी जागा करून दिली. अव्वा नळापाशी गेली नाही. घरी आल्यावर जिन्याच्या तोंडाशी, जिथं सगळ्यांच्या चपला असतात, तिथं तिनं आपल्या तांबड्या झालेल्या चपला दोड्डप्पांच्या चपलांना लागून काढून ठेवल्या आणि वर निघून गेली. फळीवर आमचे दोन्ही फोन होते, दोन्हींवर दुकानातून लावलेले, न उचललेले फोन दिसत होते. सकाळी दोड्डप्पा खाली उतरले, चपला घालायला वाकले, आणि बराच वेळ तसेच वाकलेले राहिले. मग त्यांनी आपल्या चपला घातल्या आणि शटर उघडायला गेले.